नोंदवहीतली कोंजी

पौष शु. ९, शके १७८६. अमरावती
कापसाच्या बाजारातून एक बाई गाडीवाल्यांनी दवाखान्यात आणून टाकली. तापाने फणफणलेली. मराठी एक अक्षर नाही. नाव विचारले तर सारखे "कोंजे, कोंजे". दवाखान्याची नोंदवही माझ्याकडे; तीत लिहिले: कोंजी, जंगली जात.

शु. १०
ताप तसाच. डॉक्टर म्हणाले, तिच्यातले कोणी आणा. सरकी काढणाऱ्या बायांत वणीकडची गोंडीण आहे, सोनाबाई. तिला आणले. खाटेशी बसून बराच वेळ बोलली. बाई नुसती तोंडाकडे पाहत राहिली.
"हे आमची बोली नाही, भाऊ. मले काईच समजून नाही राहिलं."
म्हटले, जंगलातल्याच ना दोघी?
"तुमी अन् तेलंगे बी बाजारातलेच ना? मंग बोली एक हाये काय?"


शु. १२
सकाळी बाई गेली. शेवटपर्यंत माझी बाही धरून तेच, "कोंजे, कोंजे". सोनाबाईने तोंडात पाणी घातले.

वद्य २
बांबू विकायला म्हातारा सुखू आला. मेळघाटातला कोरकू. सहज विचारले, कोंजे म्हणजे काय रे?
"पोरगी. लेक."
नाव सांगत नव्हती ती. लेक मागत होती. आणि मी वहीत ते नाव म्हणून लिहिले.
सुखूकडून समजून घेतले. परतवाड्यावरच्या डोंगरात कोरकू. गोंडी खाली वणीकडे, वर्धेपलीकडेही. मेळघाटात थोडे गोंड आहेत, त्यांना दोन्ही येतात. म्हणजे उत्तरेकडच्या बाईसाठी मी दक्षिणेकडचे माणूस आणले. सहा वर्षे इथे नोकरी करतो, हे कधी कुणाला विचारले नाही.

वद्य ५. चांदूर बाजार
रजा घेऊन सुखूसह आलो. बाईला आणणाऱ्या गाड्या याच वाटेने आल्या होत्या, असे कापसाच्या बाजारात कळले. भाजी विकणारी एक माळीण म्हणाली, गाड्या गेल्यावर पाच-सहा वर्षांची पोर मागे राहिलेली दिसली. "मुकी होती बापा. किती इचारलं, बोलेच ना." अकोल्याच्या एका गाडीवाल्याने नेली. त्याला मूलबाळ नाही.
वाटेत सुखू एवढेच बोलला, "मुकी काहून असन? बोलन कोनाशी?"

वद्य १०. अकोला
दोन दिवस बाजार पालथा घालतो आहोत. गाड्यांना अंत नाही. सुखू प्रत्येक गाडीपाशी आपल्या बोलीत हाक मारतो. लोक हसतात. आज कळले, तसा एक गाडीवाला नदीपलीकडे राहतो, घरात नवीन पोर आहे. उद्या जायचे.
सुखू म्हणाला, "पोरगी भेटली त तिची माय गेली हे मी नाही सांगनार. तुमी सांगा."
मला कुठे तुमची बोली येते, म्हटले.
त्याने वाक्य शिकवले. चारच शब्द. दुपारपासून घोकतो आहे. तिसऱ्या शब्दाशी अडतो, पुन्हा पहिल्यापासून.