लिंकखालची रेघ

३ मार्च
काढली! शहरातल्या भाड्याच्या घरांसाठी वर्षानुवर्षं नाव लावून थांबायची जी घररांग, तिच्या संकेतस्थळावरच्या एकूण एक लिंकखालची रेघ काढून टाकली. आता लिंक म्हणजे नुसता फिकट, निळसर करडा शब्द. पान कसं धुतल्यासारखं दिसतंय! टॉर्केलनं मात्र पडद्याला नाक लावून विचारलं, "इल्वा, यात दाबायचं कुठे?" संकेतस्थळ सगळ्यांना वापरता येतंय का, हे तपासायला त्याला ठेवलंय. डोळे अधू, जीभ ठणठणीत.

६ मार्च
रेघेवर चौथी बैठक. सव्वादोन तास, अकरा माणसं, दालचिनीचे बन. आमच्याकडे एकमत झाल्याशिवाय कोणी उठत नाही. एकमत म्हणजे, बन संपेपर्यंत कोणी 'नको' म्हटलं नाही की झालं.
टॉर्केल म्हणाला, "वर्षातून एकदा पत्र येतं, त्यातली लिंक महिन्याभरात दाबून 'मी अजून रांगेत आहे' असं कळवावं लागतं. ती दिसलीच नाही, तर माणसांची सगळी वर्षं जातील, बाबांनो!"
आमची प्रमुख आनेली म्हणाली, "मुद्दा छान आहे हं." म्हणजे विषय संपला.

७ मार्च
रेघ म्हणे! उद्या दाराच्या मुठीवर 'मूठ' असं लिहायला सांगेल.

१४ एप्रिल
सीव्हचा फोन. ऑगस्टात स्पेनहून कायमची परततेय, तिचं घर तिला हवंय. तिच्या भांड्यांत जेवून, तिच्या पडद्यांआड झोपून मला नऊ वर्षं झाली!
पण घाबरतंय कोण? अठराव्या वाढदिवशी आईनं घररांगेत माझं नाव घातलं, त्याला आता सतरा वर्षं होतील. जूनमध्ये कालव्याकाठच्या घरांचं वाटप आहे. दोन खोल्या, बाल्कनी, भाडेपत्र माझ्या स्वतःच्या नावावर! माझ्यापुढे फक्त चार जण आहेत. बाल्कनीसाठी खुर्चीसुद्धा बघून ठेवलीय.

२२ एप्रिल
घररांगेचं वार्षिक पत्र आज माझ्याच ईमेलच्या पेटीत आलं — मीच आखलेलं! तीनच ओळी, भोवती मोकळी जागा. रेघ नाही, बटण नाही, आरडाओरडा नाही. काही मागतच नाही बिचारं. कितीतरी वेळ बघत बसले.
टॉर्केलला मोबाइल दाखवला. "बघ, याला म्हणतात शांतता!"
"हो, स्मशानातली."
जळतोय, दुसरं काय.

१९ मे
बारा वर्षं रांगेत असलेल्या कुणा बाईंची जागा गेली. फोनवर तासभर रडत होत्या म्हणे. "वाक्य वाचलं हो, पण ते दाबायचं होतं हे कळलंच नाही." अगं बाई, शब्द निळसर होता की!
टॉर्केलला पाचवी बैठक हवीय. मी म्हटलं, "जिला तीन ओळी वाचता येत नाहीत, तिला घर कशाला?" कोणी हसलं नाही. जरा जास्तच बोलले, मान्य. तरी रेघ घालणार नाही.

२ जून
वाटपाआधी माझा क्रमांक बघायला संकेतस्थळावर माझ्या खात्यात शिरले. रांगेतले दिवस : शून्य.
पत्र पुन्हा उघडलं. तिसरी ओळ — 'आपली जागा कायम ठेवा.' मी ती शुभेच्छा म्हणून वाचली होती.
टॉर्केलला म्हटलं, मला दिसलंच नाही रे. मेला हसलासुद्धा नाही.