बिनतारखेचा बेत

नालवाडी, वर्धा
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. अन्नपूर्णाताईस,
जयाचा नमस्कार.

तू बरी असशील. गुडघ्यांना तेल लावतेस, की बाटली नुसती खिडकीत ठेवली आहेस? आपल्या धाकट्या गोपालनं आंजीच्या शेतातून तुरीच्या शेंगा धाडल्या होत्या. मीठ घालून उकडल्या, तेव्हा तुझी फार आठवण झाली. आदेश पुण्याहून येऊन गेला. सूनबाईला सुट्टी नव्हती.

फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणशील. घर दोन खोल्यांचं आणि ह्यांचे कान अजून मास्तराचे. मी फोन घेऊन मागच्या दारी गेले तरी आतून विचारतात, "कोन व्हय?" म्हणून लिहिते आहे. हे झोपलेत.

ह्यांना सध्या एकच खूळ. रेल्वेनं भारतफेरी. शाळेनं रद्दीत काढलेला भारताचा नकाशा दिवाणाच्या वर भिंतीला टांगलाय. संध्याकाळचा चहा झाला की मला समोर बसवतात आणि पट्टी फिरवतात. वर्ध्याहून खाली चेन्नई, रामेश्वर, मग केरळ, कोकण, वर राजस्थान, बनारस, आणि परत वर्धा. अशा गोल फेरीचं एकच तिकीट मिळतं म्हणे, मधे उतरून राहायची मुभा असते. "मन लागलं तं दोन दिस जास्ती राह्यचं, नाई लागलं तं दुसरी गाडी." जन्मभर पोरांना भूगोल शिकवला, आणि स्वतः शेगावच्या पुढं गेले नाहीत. मी चिडवते, ते हसतात. असं आमचं चाललंय.

चाललंय कसलं, ताई. ह्यांच्या पोटात गाठ आहे. दिवाळीनंतर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पसरली आहे, कापून उपयोग नाही. आदेशनं तिथंच दाराबाहेर माझा हात धरला, "बाबांना सांगायचं नाही." आपल्याकडची रीतच ती, आजाऱ्याला सोडून साऱ्या घराला माहीत असतं. आपल्या बाबांच्या वेळी तूच तर आम्हा सगळ्यांना गप्प केलं होतंस. ह्यांना आम्ही अल्सर म्हणून सांगितलं.

मग मला रोज बहाणे शोधणं आलं. आता निघालो तर उत्तरेत धुकं, गाड्या अडकतात. धुकं सरलं की राजस्थानात ऊन. ऊन उतरलं की कोकणात पाणी. मी काहीही म्हटलं तरी हे कबूल. "होऊ दे, घाई काय हाय. तारीख नको टाकू." मला वाटायचं, बिचाऱ्याला काहीच कळलेलं नाही. मोरीतला नळ मोठा सोडून मी रडायचे.

परवा पेज पुढ्यात ठेवली. दोन चमचे घेतली आणि म्हणाले, "बर्थ खालचेच पाह्यजो दोन्ही. तुमा दोघींचे गुडघे वरचे नाईत."

मी म्हटलं, "दोघी कोण?"

"तू अन् तुही ताई."

"आणि तुम्ही?"

नकाशाकडं बघत म्हणाले, "मी कुठचा येतो आता. माही तेरवी झाली का निंघा दोघी. म्हणून तं तारीख टाकू देत नाई."

आणि मी काय बोलावं, ताई? मी म्हटलं, "अल्सरनं कोणी मरते का?" अजूनही तेच. "नाई मरत," हे म्हणाले, आणि पेजेची वाटी माझ्याकडं सरकवली.

तुझ्या गुंजनच्या लग्नात पंगतीत तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, माझ्या बहिणीला मास्तरांनी नकाशावरच फिरवलं. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद. मला वाटायचं, हे रागावून बसलेत. काल म्हणाले, "ताईचं खरं होतं, म्हणून तं लागलं." पण तुला फोन करा म्हटलं तर मान फिरवतात. "तिले तू विचार. तिनं हो म्हटलं का मी मोकळा."

मला कुठंही जायचं नाही. रामेश्वर नको, बनारस नको. मला इथं ह्यांच्याजवळ बसायचंय, आणि नेमकं तेच हे करू देत नाहीत. जवळ बसले की पट्टी हातात देतात, मी नसताना तू कुठं कुठं उतरशील ते दाखवतात. मी मान हलवते. नाही म्हटलं तर एवढा एकच आनंद उरलाय तो जाईल, आणि हो म्हटलं की मीच ह्यांना वाटेला लावते आहे असं वाटतं. आदेशला सांगू शकत नाही, तो म्हणेल तूच बोलून बसलीस. मला काहीच करता येत नाही गं.

तू ये. बडनेऱ्याहून गाड्या पुष्कळ आहेत, मिळेल तिनं ये. जुनं काही काढू नकोस, रडू नकोस, अल्सरच धरून चाल. ह्यांच्या समोर बस आणि जयासोबत जाईन म्हणून सांग. पुढं आपण गेलो न गेलो कोण बघायला येणार आहे. पण हे बघत असताना एकदा तू हो म्हण. रोज ते 'हो' मला एकटीला म्हणवत नाही.

तुझी,
जया