घोडी जिकडं बघते

आये,

आपल्या घोडीचं संग्रहालय झालंय. हसू नकोस. ज्या जनावराला गावोगावचे लोक ‘धनगराचं तट्टू’ म्हणून हिणवायचे, त्याला आता मानानं भीमथडी म्हणतात. त्याच्यासाठी पक्की इमारत बांधलीय, आत खोगीर, नाल, मेंढरं कोंडायची वाघुरीची जाळी, सगळं काचेआड. परवा नातवाच्या गाडीवर मागं बसून जामखेडहून बघून आलो. तिथल्या लोकांनी जुने फोटो मागवले होते, तेव्हा आपल्याकडचा एकुलता एक फोटो मी देऊन टाकला होता. तो त्यांनी भिंतभर मोठा करून लावलाय. आबा दावं धरून ऐटीत उभे, आणि ओझ्यावर कोकरांच्या जोडीनं बांधलेला मी.

तो दिवस मला लख्ख आठवतो. जत्रेतला फोटोवाला आलाय. आबांनी नवा पटका बांधलाय. एरवी आबा मेंढरांमागं जायचे; बिऱ्हाड लादून घोडी पुढच्या मुक्कामाला न्यायची ती तूच. दावं दुसऱ्या हाती गेलं म्हणून घोडी थयथय नाचतीय. आबा ओरडतात, “अगं, हिला जरा दम दे की!” तू फोटोवाल्याच्या मागं जाऊन उभी राहतेस, जिभेनं चुचकारतेस. घोडी कान टवकारून जागच्या जागी थांबते, आणि फोटो निघतो.

“बाई, आता तुमी या की,” फोटोवाला म्हणतो.

“माझा कशाला? म्या काय घोडी हाय व्हय?” पदर तोंडाला लावून तू हसतेस आणि चुलीला दगड शोधायला निघून जातेस.

संग्रहालयातली पोरगी मोठी गोड. म्हणाली, “आजोबा, घोडीचे मालक भारी रुबाबदार हो!”

मी म्हटलं, “बाय, घोडी माझ्या आयची हुती.”

ती हरखलीच. “मग आजींचा फोटो द्या ना! बायका घोडी न्यायच्या, हे इथं कुणाला ठाऊकच नाही. हे बघा, शेजारी जागा आहे.”

“न्हाई गं.”

“घरी पेटीत वगैरे बघा की.”

काय बघू? आता नातवाच्या मोबाईलमध्ये शेळ्यांचेसुद्धा ढीगभर फोटो आहेत. तुझ्याकडं अख्ख्या जन्मात कुणी कॅमेरा वळवला नाही, आणि मलाही तू असेपर्यंत ते सुचलं नाही. दात होते तेव्हा चणे नव्हते म्हणावं, तर चणेही होते गं.

बराच वेळ भिंतीपुढं उभा राहिलो. आबा कॅमेऱ्यात बघतात, मी रडवेला. घोडी तेवढी जरा बाजूला, फोटोवाल्याच्या खांद्यावरून पलीकडं बघते.

तुला वाचता येत नव्हतं, आणि मी अक्षरं शिकलो ती मोठेपणी, दुकानांच्या पाट्या वाचून. हा कागद पाठवायचा तरी कुठं? पण एक सांगून टाकतो. तुझे हात आठवतात, हसणं आठवतं. चेहरा, आये, आता आठवत न्हाई.