गाडी उचला म्हणे

आबा, मला राग आलाय आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. घरी आपण अहिराणीतच बोलायचो, पण कागद पुढे घेतला की मला शाळेतली मराठीच सुचते. तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. आता पिकअप आहे, आणि ती मीच चालवते. चैत्र-वैशाखात काठी गावाच्या पलीकडच्या पाड्यांवर जाते, तिथल्या बायकांनी कैऱ्या सोलून वाळवलेला आमचूर पोत्यांत भरते आणि शहाद्याला आणून विकते. येता-जाता त्या बायकाही मागे बसतात. कुणाला बाजार असतो, कुणाला दवाखाना.

यंदा तिकडचा रस्ता खणून ठेवलाय. ठेकेदाराने खडी ओतली, मोठाले दगड तसेच सोडले, 'काम पूर्ण' अशी पाटी रोवली आणि तो निघून गेला. पंधरा दिवसांपूर्वी उतारावर त्यातलाच एक दगड इंजिनाखालच्या चेंबरला लागला. वाकून बघते तर सगळं ऑइल रस्त्यावर. मागे चार बायका, त्यांतली एक पोटुशी, तिला तपासणीला न्यायचं होतं. भर दुपारी आम्ही पाचजणी सावली शोधत बसलो. कितीतरी वेळाने एक ट्रॅक्टर आला, त्याने दोर लावून गाडी खाली ओढत आणली. ती पोरगी एकदासुद्धा कण्हली नाही. मला मात्र त्या पाटीवर दगड मारावासा वाटत होता. मारलाही. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाइलमधले फोटो घेऊन मी रस्त्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी फोटो बघितले, मग मला बघितलं. "गाडी कोण चालवतं?" म्हणाले. मी म्हटलं, मी. ते हसले. "मग मॅडम, गाडी जरा उचलून घ्या. डोंगरात एवढी बुटकी गाडी चालत नाही." गॅरेजवाल्याकडे गेले तर तोही तेच म्हणाला. "ताई, सहा इंच उचली ल्या. स्प्रिंगना पाट्याखाले ठोकळा टाकू, मोठा टायर लावू. मंग दगड काय नि नाला काय!" मी म्हटलं, दगड रस्त्यात आहे, गाडीत नाही. तो म्हणाला, "रस्ता आपला हातमा नही. गाडी शे." भावाला सुरतला फोन केला, तर त्यानेही ऑफिसात बसल्या बसल्या सांगितलं, उचली टाक. दगड उचला असं एकानेही म्हटलं नाही, आबा. साहेब, गॅरेजवाला, भाऊ, सगळ्यांना माझीच गाडी खाली वाटली.

तुम्ही जन्मभर साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त केल्यात आणि तुमची पान्यांची पेटी भावाला दिलीत. त्याने आजवर त्यातला एकही पाना हातात धरला नाही. मला लग्नात शिवणयंत्र दिलंत. मला साधं बटणसुद्धा नीट लावता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी दिलंत. आणि जीप चालवायला मात्र मलाच शिकवलं होतं, भावाला नाही, हे तुम्ही विसरलात की मुद्दाम विसरलात?

पुरुषोत्तमनगरच्या मैदानात दर रविवारी. मी सोळा वर्षांची आहे. तुम्ही शेजारी बसलाय, तुमच्या शर्टाला वर्कशॉपच्या ग्रीसचा वास आहे, आणि तुम्ही एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणताय, क्लच हळू सोड, हळू. त्या रविवारी मी पहिल्यांदाच धक्का न देता वळण घेते. तुम्ही मांडीवर थाप मारता. तेवढ्यात मैदानाच्या कडेला दोन काका येऊन उभे राहतात. एकजण ओरडतो, "आते काय पोरीले डायवर करशी का?" तुमचा चेहरा बदलतो. "उतर खाले," तुम्ही म्हणता. मी स्टिअरिंग सोडत नाही. "उतर! लोके देखी ऱ्हायनात." मी उतरले. घरी आई कळण्याच्या भाकरी थापत होती. माझं तोंड बघून तिने विचारलं, "काय व्हयनं तिले?" तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "काय नही." पुढचा रविवार आला, तुम्ही एकटेच मैदानात गेलात. ते 'काय नही' अजून माझ्या डोक्यात बसलंय. त्या काकांना मी कधीच माफ केलं, कारण ते तसलेच होते. तुम्ही तसले नव्हतात.

माझी गाडी दुरुस्त होईपर्यंत गॅरेजवाल्याने मला दुसरी पिकअप दिली. तशीच, पण उचललेली. "एक दिन चालवी देखा," म्हणाला. मी ती घेऊन थेट पाड्यावर गेले. खोटं कशाला बोलू, दगड खालून अलगद निघून गेले, आणि मला क्षणभर वाटलं की हे सगळे म्हणतात तेच बरोबर. पण पाड्यावरची म्हातारी, जी एरवी बंपरवर पाय ठेवून चढते, तिचा पाय तिथवर पोचेना. ती हसत म्हणाली, "बाई, आता शिडी पण आण." बाकीच्यांनी तिला ढकलून वर घेतलं. पुढे चढावर खडीत मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, अगदी माझ्या गाडीची फिरतात तशीच. दोनच चाकं गाडी ढकलतात, आबा. ती उंच केली म्हणून पुढची दोन ढकलायला लागत नाहीत, एवढं मला कळतं. आणि दरीकडच्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला अशी कलली की मागच्या बायकांनी एकमेकींना धरून किंकाळी फोडली. मी ब्रेक लावला. सगळ्यांना उतरवलं. ते वळण त्या चालत आल्या आणि मी रिकामी गाडी पार केली. परतताना ज्या दगडाने माझा चेंबर फोडला होता तो आम्ही सगळ्यांनी मिळून रेटला आणि कडेला ढकलला. पाव तासाचं काम होतं. कुणाच्याही हातातलं.

गॅरेजवर येऊन मी सांगितलं, गाडी उचलायची नाही. चेंबरखाली जाड पत्रा लावा, बस. कललेल्या वळणाचं सांगितलं, चाकांचं सांगितलं. तो ठोकळे हातात घेऊन उभाच. "ताई, तुमले नही समजाव. भाऊले फोन लावा ना." भावाला! ज्याला पाना धरता येत नाही त्याला! तेव्हा मी म्हटलं, "माझे वडील सांगून गेलेत. ज्या गाडीत माणसं बसतात ती उचलायची नाही." त्याने विचारलं, कोण वडील? मी तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "वर्कशॉपमधला आबा? तुम्ही त्यास्नी आंडेर शेतस?" मी म्हटलं, हो, त्यांचीच मुलगी. त्याने ठोकळे फळीवर ठेवून दिले. "मंग पहिलेच सांगानं ना, ताई." अर्ध्या तासात पत्रा लागला. ती पोटुशी पोरगी परवा माझ्याच गाडीतून तपासणीला गेली आणि परत आली. सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले.

हे पत्र मी गाडीच्या कागदांत ठेवून देणार आहे, दुसरीकडे कुठे नाही. पण एक सांगायचं राहिलं. गाडी उचलण्याबद्दल तुम्ही आयुष्यात माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हतात. ते वाक्य माझं होतं. माझं म्हणून सांगितलं तेव्हा त्याने ऐकलं नाही, तुमचं म्हणून सांगितल्यावर त्याने लगेच ठोकळे ठेवून दिले. याचा मला संताप यायला हवा होता. आला नाही, आबा. बरं वाटलं, निदान या वेळी तुम्ही माझ्या बाजूने बोललात.