नववी ओळ

वाशीम, ६ मार्च १९३९

तेरा ओळी गेल्या! फार्मवर चौदा गावांचं कोहळ्याचं बी लावलं होतं, गावागणिक एक ओळ. कुठलं बी तग धरतं ते बघायला, केवडा रोगानं पिवळी पडलेली पानं खलात कुटून त्यांचा रस फडक्यानं कोवळ्या पानांना चोळला — पहिल्या सात ओळी मी, पुढच्या सात मजूर तुळसाबाईनं. आज बारावा दिवस. सगळीकडे पिवळे चट्टे, पानं आक्रसलेली.

फक्त नववी हिरवीगार! केनवडच्या प्रयागबाई माळणीचं बी. तीनदा जाऊन पाहिलं.

७ मार्च

फार्मचे मुख्य दौलतसिंगसाहेब. त्यांना बोलावलं. खाली वाकलेसुद्धा नाहीत. "झूट! रस लावलाच नसन तुमी."

मी खोटा? मी!

९ मार्च

डोकं अजून तापलेलंच. गेल्या साली केनवडात या रोगानं मळेच्या मळे बसले, लोकांनी वेल उपटून बांधावर फेकले, तेव्हा हे साहेब कुठं होते? आता केवड्याला न जुमानणारं बी सापडलं तर कबूल नाही. का? तर ते माळणीच्या गाडग्यातलं! विलायती पाकिटातलं असतं तर नाचले असते.

आज हुकूम — "उपटा सारं, वांगे लावा." नाही म्हणालो. तोंडावर!

१३ मार्च

साहेबांना वगळून थेट नागपूरला शेतकी खात्याला लिहिलं. चार पानं. शेवटी — ‘वेलन् वेल रस चोळलेला आहे, हे मी शपथेवर सांगतो.’ खाली ठसठशीत सही केली.

१४ मार्च

टपालात टाकलं. होऊ दे काय व्हायचं ते.

२४ मार्च

उत्तर आलं! नागपूरचे अधिकारी पुढच्या आठवड्यात ओळ बघायला येणार. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू! उद्या तुळसाबाईला सांगायला हवं, तिच्याही हातचं काम आहे.

२५ मार्च

सांगितलं. तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"नववीले म्या हातच नाही लावला, भाऊ. प्रयागबाई माही माय हाये. तिच्या हातचं बी — त्याले रोग कसा लावू?"

साहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं. मग खल घेतला आणि नववी ओळ मीच चोळली. तुळसाबाई पाठ करून उभी होती.