बारा मजले आणि एक फुगा

३ मार्च, सकाळ
समोरच्या चौकात बारा मजली इमारत येणार! शहराच्या मधोमध चार मजल्यांच्या वर एक वीटही चढता कामा नये, हे माझं ठाम मत. यात स्वार्थ काडीचा नाही. आमच्या गच्चीवरच्या माझ्या खोलीतलं ऊन जाईल, हा निव्वळ योगायोग. खोली बांधली ती चिंतनासाठी. परवानगी काढायची तेवढी राहिली. उद्यापासून लढा.

४ मार्च
लढा उद्यापासून. आज चिंतन करताना डोळा लागला.

७ मार्च
तळमजल्यावरच्या शिंप्याला शहराच्या उंचीचं तत्त्व समजावलं. सगळं ऐकून त्याने विचारलं, लिफ्ट असेल ना? जनता अजून तयार नाही. बायको म्हणाली, तुम्ही गप्प बसलात तर बरं होईल. तिला दूरदृष्टी नाही.

११ मार्च
आयडिया! बारा मजले म्हणजे काय ते लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तेवढ्या उंचीवर भला मोठा लाल फुगा सोडायचा, फोटो काढायचा, पालिकेच्या सुनावणीत दाखवायचा. बिल्डर प्लॉटवर पाऊल ठेवू देत नाही, म्हणून फुगा आमच्याच गच्चीवरून. आमचे मजले चार, सबब दोरी आठ मजल्यांची. गणित माझं पहिल्यापासून पक्कं.

१४ मार्च
दोरी माझ्या खोलीच्या खिडकीला बांधून फुगा सोडला. लोक हादरतील अशी अपेक्षा होती. टाळ्या पडल्या. शिंपी म्हणाला, तिथून नदी दिसत असेल नाही? हादरल्यावर माणूस काहीही बोलतो. लेकीने पलीकडच्या फुटपाथवरून झकास फोटो काढला. तो बघून बायको म्हणाली, अहो, हा दाखवू नका. कारण ऐकायला वेळ नव्हता. भाषण पाठ करायचं होतं.

१९ मार्च, संध्याकाळ
सुनावणी गाजवली! भाषणाचा मधला भाग विसरलो, पण त्यामुळे ते आटोपशीर झालं. पडद्यावर फोटो पाहून नगररचना अधिकारी बाई खुर्चीतून उठल्या, जवळ आल्या, चष्मा लावला. फुग्याकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं, दोरी बांधलीय ती पत्र्याची खोली कोणाची? मी अभिमानाने सांगितलं, माझी! बाईंनी लगेच लिहून घेतलं. अधिकारी असावा तर असा चौकस.

२१ मार्च
बायकोने कारण सांगितलं. फोटोत फुगा बोराएवढा दिसतो आणि खोली पडदाभर. तिने आधीच जरा जोर देऊन सांगायला हवं होतं.

९ एप्रिल
बारा मजले मंजूर. काल पालिकेने माझी खोली पाडली. खाली उभं राहून बघवेना. फार वाईट वाटलं.

हे स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला बसून लिहितोय. बायकोने बसलाच आहात तर म्हणून कांदे पुढ्यात ठेवलेत. फुगा अजून गच्चीवर आहे, पण हवा गेली.

तरी लढा वाया गेला नाही. चौकातल्या एका इमारतीची उंची मी कमी करून दाखवली. आमच्या.