माणसं बसवून मोजलेली मोटार

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यावर आज पहिल्यांदा तुमच्याशी भांडायला बसलोय. थोरल्या भावासमोर तोंड उघडायची माझी कधी छाती झाली नाही. आता ऐकावंच लागेल!

वहिनींच्या भावानं आपल्या मोटार-दुरुस्तीच्या हत्यारांना गिऱ्हाईक आणलंय. अख्खं मुरुम गाव म्हणतंय, "अण्णा गेला, दुकान बी गेलं." तेवढ्यात सेठजींची मोटार दारात आली. मी मनाशी ठरवलं, ही सरळ केली तर दुकान राहील, नाहीतर हत्यारं जातील.

सेठजींच्या म्हाताऱ्या आईंना मोटारीत चढता येईना, म्हणून त्यांनी सोलापुरात स्प्रिंगा कापून ती खाली बसवून आणली. तेव्हापासून मोटार डावीकडे ओढते आणि टायर खाते. या लढाईच्या दिवसांत नवे टायर आणायचे कुठून?

तुमच्यासारखीच सुतळी ताणली, पुढच्या चाकांमधलं अंतर मोजलं, चाकं जोडणारी दांडी फिरवली. रिकामी मोटार सरळ चाले. सगळे आत बसले की पुन्हा डावीकडे!

आपण मूळचे गाडीसुतार. बैलगाडी रिकामी करूनच चाक बसवायचं, ही आजोबांची रीत तुम्ही मोटारींनाही लावलीत. उंच मोटारींना ती खपली. ही खाली बसवलेली मात्र माणसं बसली की दबून चाकं फाकवते. हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही? की आजोबांचा मान राखलात?

मी म्हाताऱ्या आईंनाच म्हणालो, मोजून होईपर्यंत आत बसा.

"म्या काय ज्वारीचं पोतं हाय व्हय रं?" त्या कडाडल्या. पण बसल्या! शेजारी सेठजी, पुढं ड्रायव्हर रसूलचाचा. भरल्या मोटारीला सुतळी लावली. त्या मापानं दांडी पुन्हा फिरवली, अण्णा. तुम्ही मागून ओरडाल असंच वाटत होतं.

उमरग्याच्या रस्त्यावर रसूलचाचांनी स्टेअरिंगवरचे हात काढले. मोटार नाकासमोर चालली. "माशाल्ला! आता सोलापूरला कोन जातंय?"

तरी आनंद पुरता झाला नाही. "गाढवा, आधी का न्हाय बोललास?" म्हणायला तुम्ही हवे होतात. फार आठवण आली.

घरी येऊन वहिनींना सांगितलं, हत्यारं विकायची नाहीत. त्या डोळे पुसून म्हणाल्या, "मंग सकाळी कुलूप येळेवर काढा, भावजी."

काढीन. रोज काढीन. आजोबांची रीत मोडली म्हणून रागवायचं तर खुशाल रागवा. पण अण्णा, तुमचं दुकान मी बंद पडू देणार नाही.

तुमचा धाकटा,
शिवा